दोन बोटांचा उतार

सुमनमावशी घरी आलेल्या माणसाला 'या', 'बसा' असं काही म्हणायच्या नाहीत. त्या विचारायच्या, "कुठून बसले?" नवा माणूस गोंधळायचा. अजून तर तो उभाच असायचा. मग त्या हसून म्हणायच्या, "म्हंजे कुठून येऊन राहिले गा? सवय आहे माही. बावीस वर्षं तेच विचारलं."

मी नागपुरात हुडकेश्वरच्या त्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, भाड्यानं राहायला आले, त्या दिवशीची गोष्ट. टेम्पोतून सामान उतरत होतं. समोरच्या घराच्या फाटकाशी चाकाच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. केस घट्ट बांधलेले, साडी नीट चोपून नेसलेली, उजव्या बाजूला साडीचा घोळ गुडघ्याखाली रिकामा लोंबत होता. फाटकाच्या आतूनच त्यांनी विचारलं, "कुठून बसल्या?"

"अं?"

"आल्या कुठून?"

"वाडीहून."

"वाडी! तिथं ट्रकाईचा धूर, इथं रस्त्याची धूळ. धूर सोडून धुळीत आल्या वं तुम्ही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चहा ठेवते. गॅसपर्यंत जाते माही खुर्ची, काळजी नोका करू."

सुमनमावशी काटोल-नागपूर बसवर कंडक्टर होत्या. नवरा त्याच मार्गावर ड्रायव्हर होता. तो गेला तेव्हा मुलगी प्रज्ञा चौथीत होती. त्याच्या जागी मावशींना नोकरी मिळाली. डेपोतल्या लोकांना वाटलं, बाई ऑफिसात टेबल मागेल. मावशींनी बस मागितली. "टेबल काय, ते जागचं हालत नाही," त्या मला म्हणाल्या होत्या. "मले हालनारं पाहिजे होतं. घरी बसली असती तर रडून रडून मेली असती."

संत्र्याच्या हंगामात ती बस म्हणजे चालता बाजार असायचा, असं त्या सांगायच्या. टपावर पेट्या, आत टोपल्या, मधे माणसं. त्या गर्दीतून पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत त्या दिवसातून कितीतरी वेळा जायच्या. त्यांच्या एका प्रवाशाची गोष्ट मी तीनदा तरी ऐकली असेल. एक म्हातारे शेतकरी होते. ते मावशींच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, सीटवर ठेवायचे. का, ते दोघांनाही ठाऊक होतं. मावशींचे वडील छप्पनसाली गावाहून पायी नागपूरला येऊन दीक्षा घेऊन गेले होते आणि त्या बसमधल्या जुन्या लोकांना कोण कुणाचं हे पाठ असायचं. मावशी पैसे सीटवरून उचलायच्या आणि तिकीटही सीटवरच ठेवायच्या. एक दिवस खिडकीतून वारा आला आणि तिकीट उडून गेलं. पुढच्याच थांब्यावर तपासनीस चढला. म्हाताऱ्याकडे तिकीट नाही.

"मी म्हनलं, साहेब, तिकीट देलं आहे. सीटले देलं होतं, सीटनं सांभाळलं नाही." हे सांगताना मावशी इतक्या हसायच्या की खुर्ची हलायची. "दंड नाही होऊ देला मी त्याचा. दुसऱ्या दिवशी हात पुढं केला बुढ्यानं. मी बी तिकीट हातातच देलं."

निवृत्तीच्या पैशातून त्यांनी हे दोन खोल्यांचं घर बांधलं. दोन वर्षांत साखरेनं घात केला. चपलेचा फोड झाला, मग अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय. आयुष्यभर रोज दोन शहरांच्या मधे फिरलेली बाई अंगणात अडकली. घर बांधलं तेव्हा ते रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या उंच होतं. दरवेळी डांबराचा नवा थर जुन्यावर चढत गेला आणि एकच पायरी उरली. मिस्त्रीला बोलावून मावशींनी तीही फोडून घेतली आणि तिथं सिमेंटचा उतार करून घेतला. पण तो उतार संपायचा तिथं रस्ता सुरू व्हायचा, आणि रस्ता म्हणजे उखडलेली गिट्टी, उघडी नाली, नालीवरची हलती फरशी. मुख्य रस्त्यावरचा भाजीबाजार पाच मिनिटांवर होता. तिथं जायला मावशींना दोन माणसं लागायची. एक ढकलायला, एक खड्ड्यात उचलायला.

"मी आता पॅसेंजर नाही राहिली वं," त्या म्हणायच्या. "लगेज झाली. कोनी चढवलं तर चढते, कोनी उतरवलं तर उतरते."

प्रज्ञा जर्मनीत नोकरीला होती. तिनं आईला तीन महिन्यांच्या व्हिसावर तिकडे नेलं. मावशी गेल्या तेव्हा सगळ्या लेआउटला वाटलं, परदेशी थंडीत म्हातारीचं काही खरं नाही. त्या परत आल्या त्या वेगळ्याच होऊन. आवाज चढलेला, मान ताठ. पहिल्याच संध्याकाळी मला हाक मारून समोर बसवलं.

"बस वाकते तिथं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"वाकते. माणसासारखी." त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत उजवा खांदा हळूच खाली केला. "असा आवाज होते, फुस्स, आनि बस या बाजूनं खाली येते. मग ड्रायव्हर सोता उतरते, एक पाट काढते, जमिनीवर लावते. मी चढली का पाट आत, बस सरळ, चाल पुढं. कोनी घाई करत नाही. कोनी म्हनत नाही, मावशी, मागच्या गाडीनं या." मग त्यांनी खांदा सरळ केला. "बावीस वर्षं गाडीवर होती मी. किती लंगडी, किती म्हातारी माणसं ओढून घेतली आत. एकाचा तर खांदा उखडला होता माह्या हातानं. कधी डोक्यात नाही आलं का बस वाकू शकते."

तिकडे दुसऱ्याच आठवड्यात प्रज्ञा कामावर गेली असताना त्या एकट्या बाहेर पडल्या होत्या. लिफ्टनं खाली, फुटपाथवरून थांब्यापर्यंत, बसनं बाजारात. भाषा येत नाही, वाचता येत नाही. फक्त बसचा नंबर पाठ केलेला. बाजारात त्यांनी दोन गाजरं आणि एक कांद्याच्या पातीची जुडी घेतली. येताना चुकीच्या थांब्यावर उतरल्या आणि रस्ता हुडकत दीड तास फिरल्या. प्रज्ञा घरी येऊन रडकुंडीला आली होती.

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"भीती?" मावशींचे डोळे भरून आले. "चुकली म्हनून इतकं बरं वाटलं का काय सांगू. पाय गेल्यापासून चुकलीच नव्हती मी. चुकाले आधी बाहेर तर निघा लागते ना."

मी बांधकामाचे नकाशे काढते. सरकारी रस्त्यांची, नाल्यांची ड्रॉइंग तयार करून देणाऱ्या एका लहानशा ऑफिसात नोकरीला आहे. मावशी मला 'इंजिनेरबाई' म्हणायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी दोन बोटं एकावर एक आडवी धरून मला दाखवली. "जिथं रस्ता ओलांडाचा, तिथं फुटपाथ इतकाच उंच. दोन बोटं. मी हात लावून पाह्यलं. बाकी सगळीकडे वीतभर, पन ओलांडाच्या जागी उतार. दर कोपऱ्यावर. एकही कोपरा सोडला नाही त्याईनं. आपल्याकडे काहून नाही करत वं?"

मी नेहमीची उत्तरं दिली. ते श्रीमंत देश आहेत, त्यांची माणसं कमी, आपल्याकडे निधी नाही, जागा नाही, अतिक्रमणं आहेत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बस वाकवाले पैसा लागत असन. मान्य आहे. पन उताराले काय लागते? तेवढंच सिमेंट, जरा तिरपं. उताराले पैसा नाही लागत, बाई. आठवन लागते. आपल्यात असा बी एक मानूस आहे, याची आठवन."

तिकडचं सगळंच त्यांना आवडलं होतं असं नाही. बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, हे त्यांना फार लागलं होतं. "पन्नास माणसं बसलेली आनि आवाज फक्त इंजिनाचा. मले वाटलं मयतीले चालले का काय सगळे." प्रज्ञाच्या शेजारची म्हातारी बाई रोज एकटी खिडकीत बसायची. मावशींनी तिला भाजी नेऊन दिली तर तिनं घाबरून दार लावून घेतलं. "तिथं रस्ता तुमचा आहे, मानूस नाही. इथं मानूस आहे, रस्ता नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही एका जागी कुठं असन का वं?" व्हिसा संपायच्या आधी प्रज्ञानं, पुढं काहीतरी करू, इकडेच राहा, असं म्हटलं होतं. पण मावशींना आपलं घर हवं होतं.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी लेआउटमध्ये सिमेंटच्या रस्त्याला मंजुरी आली. लोकांनी पेढे वाटले. सगळ्यात जास्त आनंद मावशींना झाला. आणि योगायोग असा की त्या पट्ट्यातल्या रस्त्यांची ड्रॉइंग आमच्याच ऑफिसकडे आली. मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "माह्या फाटकापुढं आनि चौकातल्या कोपऱ्यावर. दोनच जागी उतार टाक. बाजारापर्यंत मी सोता जाईन. तुले भाजी आनून देईन."

मी टाकला. नुसत्या त्या दोन जागी नाही, सगळ्या कोपऱ्यांवर टाकला. आमच्या साहेबांनी कागद पाहिला आणि पेन्सिलीनं त्यावर काट मारली. "हे अंदाजपत्रकात नाही. नेहमीचा छेद टाक." पण एक गोष्ट त्या नेहमीच्या छेदातही, म्हणजे रस्त्याच्या आडव्या कापाच्या नकाशातही, होती. जुना डांबरी थर आणि खालची भर खोदून काढायची आणि नवा रस्ता जुन्याच पातळीला आणायचा. तेवढं झालं तरी मावशींच्या फाटकाचा उतार रस्त्याला बरोबर लागला असता. मी मनाशी म्हटलं, चला, एवढं तर होईल.

काम सुरू झालं आणि पहिल्याच सकाळी ऑफिसला निघताना मी पाहिलं, खोदकाम होतच नव्हतं. जुन्या रस्त्यावरच खडी पसरून दाबत होते. वर काँक्रीट आलं की रस्ता सव्वा फूट उंच होणार, हे कळायला मला मोजमाप करायची गरज नव्हती. ऑफिसात जाऊन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपलं काम कागदाचं. साइटवर कोण काय करतं ते आपण बघायचं नाही. पुढची सहा कामं याच ठेकेदाराकडून येणार आहेत." मी सरकारी खात्याला लेखी कळवू शकले असते. नाही कळवलं.

मावशींच्याही ते लक्षात आलं. फाटकाशी बसून त्या चार दिवस दुरून येणारं काम बघत होत्या. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी शेजारच्या दोघींना सांगितलं, मले जरा बाहेर न्या, काम पाहाचं आहे. त्यांनी खुर्ची ढकलत नेऊन रस्त्यावर उभी केली. मावशींनी ती स्वतःच्या हातांनी चार हात पुढं नेली आणि काँक्रीट आणणाऱ्या गाडीच्या बरोबर समोर थांबवली.

गाडी थांबली. मजूर थांबले. लोक जमले. ठेकेदाराच्या माणसानं आधी हसून, मग हात जोडून, मग आवाज चढवून सांगून पाहिलं. मावशी हलल्या नाहीत. "आधी खोदा," त्या म्हणाल्या. "सगळ्याईची घरं खाली जाऊन राहिली. पानी कुठं जाईन?"

मग लेआउटच्या कमिटीचे अध्यक्ष आले. सभ्य माणूस. मावशींच्या हातचं कितीदा जेवलेला. ते म्हणाले, "मावशी, पंधरा वर्षांनी सिमेंटचा रस्ता येऊन राहिला आहे. आज काम थांबलं तर मशीन दुसरीकडे नेतील. तुमच्या एकटीसाठी सगळ्यांचं नुकसान करू नका."

"मी अडवून नाही राहिली गा. बरोबर करा म्हनून राहिली."

"बरोबरच असते ते. इंजिनीअर लोकांनी काढलेलं असते."

मावशींनी तेव्हा गर्दीत नजर फिरवली. मी माझ्या फाटकाशी बॅग खांद्याला लावून उभी होते. ठेकेदाराचा माणूसही मला ओळखत होता. आमच्या ऑफिसात चहाला यायचा.

"इंजिनेरबाई," मावशी म्हणाल्या, "तूच सांग ना वं याईले. कागदावर काय आहे? खोदाचं आहे का नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला उत्तर येत होतं. एका शब्दाचं उत्तर होतं. मी म्हणाले, "विचारून सांगते मावशी. मला नक्की बघावं लागेल."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. रागानं नाही. बसमध्ये एखादा ओळखीचा माणूस तिकीट न काढता बसलेला दिसावा आणि त्याची लाज आपल्यालाच वाटावी, तसं. मग त्या शेजारणींना म्हणाल्या, "मले आत घ्या वं."

आठवडाभरात रस्ता झाला. पांढरा, सपाट, सुंदर. संध्याकाळी लोक त्यावर फिरायला निघाले, मोबाइलवर फोटो काढले. मावशींचं फाटक उघडलं की समोर आता सव्वा फुटाची सिमेंटची कड होती. त्यांचा मिस्त्रीनं केलेला उतार त्या कडेला जाऊन धडकायचा. त्यांनी मला त्याबद्दल कधीही विचारलं नाही. मीच त्यांच्याकडे जाणं कमी केलं. गाडी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला लावून मागच्या बाजूनं घरी यायला लागले. कधी दिसले तर त्या म्हणायच्या, "जेवली का वं?" मी 'हो' म्हणून पुढं जायची.

जुलैच्या शेवटी एका रविवारी सकाळपासून पाऊस धरला होता. नऊच्या सुमाराला आरडाओरडा ऐकून मी बाहेर आले. रस्ता कोरडा नव्हता, पण त्यावर पाणीही ठरत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या घरांत उतरत होतं. मावशींच्या खोलीत नालीचं काळं पाणी वीतभर भरलं होतं. खुर्चीची चाकं अर्धी बुडालेली. त्या पलंगावर, डावा पाय पोटाशी घेऊन, भिंतीला टेकून बसल्या होत्या. बुद्धाची लहानशी मूर्ती त्यांनी खालच्या फळीवरून उचलून मांडीवर घेतली होती.

मला दारात पाहून म्हणाल्या, "पाय पुसून ये म्हनली असती. पन पायपुसनंच पोहून राहिलं."

आम्ही चार-पाच जणींनी बादल्यांनी पाणी काढलं. कमिटीचे अध्यक्षही आले होते. त्यांच्याही घरात पाणी शिरलं होतं. दुपारी पाणी ओसरलं, दोन दिवसांनी परत भरलं. महिनाभरात तीनदा भरलं. दर वेळी मावशी पलंगावरून उतरून खुर्चीत बसायला गेल्या की त्यांचा एकुलता एक पाय त्या पाण्यात पडायचा. टाचेला भेग होती. तिथं काळं पडायला लागलं. त्यांनी कुणाला दाखवलं नाही. ताप चढला तेव्हा शेजारणींनी रिक्षा आणली. पण रिक्षा वर रस्त्यावर आणि मावशी खाली फाटकात. त्यांना चौघांनी उचलून वर चढवलं. मी एक हात धरला होता. अंग तव्यासारखं तापलं होतं.

डॉक्टर म्हणाले, विष रक्तात गेलंय. पाण्यामुळंच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. साखरेच्या माणसाला काहीही निमित्त पुरतं. दवाखान्यात अकराव्या दिवशी सुमनमावशी गेल्या. प्रज्ञा आदल्या दिवशी पोचली होती. आईनं तिला ओळखलं की नाही, तिला सांगता येत नव्हतं.

त्यांना शेवटचं घरी आणलं, तेव्हा रस्त्यावरून खाली उतरवताना एकाचा पाय घसरला आणि स्ट्रेचर कलंडलं. प्रज्ञा ओरडली. त्रिशरण, पंचशील झालं आणि परत खांद्यावर घेऊन निघताना फाटकात सगळे थांबले. वर कसं चढायचं यावर मिनिटभर खल झाला. दोघं वर चढले, दोघांनी खालून दिलं. त्या एका मिनिटात तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं खाली मान घातली होती.

तिसऱ्या दिवशी प्रज्ञा घर आवरत होती. मी मदतीला गेले. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली होती, ती पुसत ती म्हणाली, "तुम्ही रस्त्यांच्या ऑफिसात आहात ना? मला एक सांगा, इतका उंच का केला?"

इतके दिवस मी या प्रश्नाला घाबरत होते. प्रज्ञाशिवाय तो विचारणारं आता कुणी उरलं नव्हतं. मी म्हणाले, "कागदावर इतका उंच नव्हता. खोदायला पाहिजे होतं. ते खोदत नाहीत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दिवशी मावशींनी मला सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हाही माहीत होतं."

ती रागावेल, जा म्हणेल, असं मला वाटत होतं. मला ते हवंही होतं. ती फडकं पिळत राहिली.

"तुम्हाला माहीत होतं, हे आईला ठाऊक होतं," ती म्हणाली. "फोनवर मी एकदा म्हटलं, मी तुमच्याशी बोलते. तर म्हणाली, काही बोलू नोको. ते पोरगी सगळ्याईपुढं खरं बोलली असती तर तिची नोकरी गेली असती. एकटी राहाते ते. नोकरी गेली का घरात बसा लागते, आनि घरात बसनं काय असते ते मले माहीत आहे."

प्रज्ञानं घर विकलं. नव्या मालकानं ते पाडलं, मुरमाची भर घातली आणि रस्त्यापेक्षा तीन फूट उंच जोतं बांधलं. तिथलं पाणी आता शेजारच्या दोघींच्या घरात जातं. त्याच दोघी, ज्यांनी मावशींची खुर्ची बाहेर नेली होती.

मी अजून त्याच ऑफिसात आहे. साइटवर जाते, पातळी मोजते, चुकलेलं दिसलं तर लेखी कळवते. दोन कामं त्यामुळं माझ्याकडून काढून घेतली. तिसऱ्या ठिकाणी ठेकेदारानं खरोखरच खोदलं. ती गल्ली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तिथं मला कुणी ओळखत नाही, आणि रस्ता झाल्यावर कुणाच्या काही लक्षातही आलं नाही.